मीहॉल ओ मुरहर्तिग : वर्ग, मैदान आणि रेडिओ

आयर्लंडमधले शिक्षक आणि नभोवाणीचे समालोचक मीहॉल ओ मुरहर्तिग (१९३०–२०२४) यांचा आवाज सहा दशकांहून अधिक काळ त्या देशाच्या रविवार दुपारचा भाग होता. मार्च १९४९ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, त्यांनी पहिले धावते समालोचन केले. शेवटचे केले ते ऑक्टोबर २०१० मध्ये, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर. यातला निम्म्याहून अधिक काळ त्यांचा चरितार्थ शाळेच्या नोकरीवर चालला. आठवडाभर वर्ग आणि सुटीच्या दिवशी मायक्रोफोन, असा तो क्रम होता. त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण त्यांची हजरजबाबी वाक्ये सांगतात. ती वाक्ये मनोहर आहेत यात शंका नाही, पण ती जिथून आली तो साठा अधिक मोलाचा आहे. मैदानात उतरलेला प्रत्येक खेळाडू कोणत्या गावचा, कोणाच्या घरचा, त्याच्या हातात खेळाची पहिली काठी कोणी दिली, हे आधी जाणून घ्यायचे आणि मगच त्याच्या खेळाविषयी बोलायचे, ही त्यांची रीत होती. चांगला शिक्षक हजेरीपटावरचे नाव आणि बाकावरचे मूल यांच्यात जे नाते जोडतो, तेच त्यांनी रेडिओवर जोडले. त्यांच्या चरित्राचे दोन भाग, शिक्षक आणि समालोचक, वेगवेगळे वाचले तर दोन्ही अपुरे वाटतात.

त्यांचा जन्म २० ऑगस्ट १९३० रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी काउंटीतल्या डिंगल गावाबाहेरच्या डून शीन या वस्तीत झाला. घर शेतकऱ्याचे. समोर डिंगलची खाडी, मागे डोंगर, आणि पश्चिमेला अटलांटिकपर्यंत पसरलेला असा प्रदेश, जिथे आयरिश भाषा अजून घराघरांत बोलली जात होती. इंग्रजी राजवटीच्या काळात, विशेषतः १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळानंतर, ती भाषा देशाच्या बहुतेक भागांतून मागे हटली होती. उरली ती प्रामुख्याने अशा पश्चिम किनाऱ्यावर. डिंगलच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत त्यांचे सुरुवातीचे शिक्षण झाले.

त्या काळात खेड्यात रेडिओ ही सर्वांच्या वाट्याला आलेली वस्तू नव्हती. ग्रामीण भागात वीज पोहोचवण्याची सरकारी योजना १९४६ मध्ये सुरू झाली आणि दूरच्या वस्त्यांपर्यंत तारा यायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर रेडिओ बॅटरीवर चाले आणि ती भरून आणायला बाजाराच्या गावी न्यावी लागे. म्हणून आठवडाभर जपून वापरलेली बॅटरी रविवारच्या सामन्यासाठी राखली जाई. ज्या घरी रेडिओ असे तिथली खिडकी उघडी ठेवत आणि शेजारपाजारचे लोक अंगणात, कुंपणाला टेकून ऐकत. तो आवाज असे मायकल ओ'हेअर यांचा. १९३८ पासून ते सामन्यांचे वर्णन करत होते आणि त्यांनी देशाला रेडिओवर सामना कसा पाहायचा हे शिकवले होते. १४ सप्टेंबर १९४७ रोजी केरी आणि कॅव्हन यांच्यातला अखिल आयर्लंड फुटबॉलचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. अटलांटिकपलीकडून येणारी ध्वनिवाहिनी ठरावीक वेळेपुरतीच घेतलेली होती, आणि सामना लांबला. ओ'हेअर यांनी समालोचन करता करताच, कोणी ऐकत असेल तर आणखी पाच मिनिटे लाइन चालू ठेवा, अशी विनवणी केली. लाइन चालू राहिली. केरी हरली. रेडिओच्या आवाजावर अख्खी काउंटी कशी तोलून धरली जाते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

हे खेळ कोणते आणि त्यांच्यामागे उभी असलेली संघटना कोणती, हे समजल्याशिवाय ओ मुरहर्तिग यांचे काम समजत नाही. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्लस गावी, एका हॉटेलात भरलेल्या छोट्या बैठकीत स्थापन झाली. तिचा मुख्य प्रवर्तक मायकल क्युसॅक हाही शिक्षकच होता. डब्लिनमध्ये तो स्वतःची शिकवणी शाळा चालवत असे. संघटनेचे दोन प्रमुख खेळ म्हणजे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. दोन्हींत प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि गोलचे खांब आडव्या दांडीच्या वरही उंच जातात. चेंडू दांडीच्या वरून गेला तर साधारणतः एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. हर्लिंगची काठी ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाला रुंद आणि चपटी असते; चेंडू चामड्याचा, लहान आणि कठीण. हॉकीसारखा तो जमिनीवरच राहत नाही. खेळाडू तो हातात झेलतात, काठीच्या पात्यावर तोलून पळतात, हवेतच टोलावतात. एका टोल्यात चेंडू मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाजवळ जातो. हा खेळ पाहणाऱ्याच्या नजरेला दमवतो. शब्दांत पकडायला तर तो फारच अवघड.

या संघटनेचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. इथे खेळाडूला खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. क्लब पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गाव-वाड्यांचा असतो. खेळाडू आपल्या गावाच्या क्लबकडून खेळतो आणि निवडला गेला तर आपल्या काउंटीकडून. रविवारी ऐंशी हजारांच्या गर्दीसमोर अंतिम सामना जिंकलेला माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा शाळेत शिकवत असतो, गाई दोहत असतो, बँकेत बसलेला असतो. अशा खेळात खेळाडूचे नाव उच्चारणे म्हणजे एका ठिकाणाचे नाव उच्चारणे. ऐकणारा त्याला ओळखत असतो, किंवा त्याच्या चुलत्याला ओळखत असतो. समालोचकाने फक्त चेंडू कुठे गेला एवढेच सांगितले तर त्याने अर्धेच सांगितले असे होते. ओ मुरहर्तिग यांना हे उरलेले अर्धे सांगता येत होते.

सप्टेंबर १९४५ मध्ये ते कॉर्क काउंटीतल्या बालिव्हर्नी येथील कोलॉश्ते ईसगॉन या निवासी शाळेत दाखल झाले. स्वतंत्र आयर्लंडने १९२६ पासून अशा तयारी-शाळा सुरू केल्या होत्या. आयरिश बोलणाऱ्या भागातली हुशार मुले लवकर निवडायची, त्यांना संपूर्ण आयरिश वातावरणात शिकवायचे आणि पुढे प्राथमिक शिक्षक म्हणून देशभर पाठवायचे, असा त्यामागचा हेतू होता. शेतकऱ्याच्या मुलाला याहून खात्रीची नोकरी त्या काळात क्वचितच मिळे. वर्गात, मैदानात, जेवणघरात सगळा व्यवहार आयरिशमध्ये. इथेच ते आपल्या नावाचे आयरिश रूप वापरू लागले, आणि पुढे आयुष्यभर तेच नाव राहिले. या शाळांवर नंतर टीका झाली. नोकरीच्या जागा ठरावीक मुलांसाठी राखल्या जातात, हा आक्षेप खोटा नव्हता, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या जवळजवळ सर्व बंद झाल्या. पण पश्चिमेच्या खेड्यांतली एक पिढी त्यांच्यामुळे शिकली आणि पुढे आयरिश नभोवाणीला आयरिश भाषा सहज, अस्खलित बोलणारी माणसे मिळाली, हेही तितकेच खरे.

सप्टेंबर १९४८ मध्ये ते डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागातल्या सेंट पॅट्रिक्स अध्यापक महाविद्यालयात आले. क्रोक पार्क, गेलिक खेळांचे मुख्य मैदान, तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. नभोवाणीला त्या वेळी आयरिशमध्ये समालोचन करू शकेल असा तरुण हवा होता. मार्च १९४९ च्या सुरुवातीला क्रोक पार्कवर चाचणी ठेवण्यात आली आणि इतर काही उमेदवारांबरोबर या महाविद्यालयातले दहा-अकरा विद्यार्थीही गेले. सुरू असलेल्या सामन्याचे प्रत्येकाने ठरावीक वेळ वर्णन करायचे होते. सामना हर्लिंगचा होता. ओ मुरहर्तिग यांनी आयुष्यात हर्लिंगचा सामना पाहिलेला नव्हता. केरी हा फुटबॉलचा मुलूख. हर्लिंग त्या काउंटीत खेळले जाते ते मुख्यतः उत्तरेकडच्या काही क्लबांत, आणि डिंगल त्यापासून दूर.

पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. मैदानावरच्या तीस जणांपैकी त्यांना एकच चेहरा ओळखीचा दिसला. एका संघाचा गोलरक्षक डिंगलच्या शाळेत शिकलेला होता. त्यांची पाळी आली आणि त्यांनी या गोलरक्षकाला धरले. परीक्षक सामना पाहत नव्हते, नुसते ऐकत होते, हे त्यांनी हेरले होते. त्यामुळे त्यांच्या वर्णनात चेंडू वारंवार या गोलरक्षकाकडेच येऊ लागला; त्याने अशक्य फटके अडवले, चेंडू दूर टोलावला, आणि गोलरक्षकाने करू नयेत अशी कामेही केली. जो माणूस माहीत आहे त्याच्याविषयी बोलायचे, आणि ऐकणाऱ्याचे मन त्याच्यावर खिळवून ठेवायचे, एवढे त्या मुलाला उपजतच समजले होते. त्यांची निवड झाली. त्याच महिन्यात, १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी झालेल्या रेल्वे कप या आंतरप्रांतीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे त्यांनी आयरिशमध्ये समालोचन केले. अध्यापनाचे प्रशिक्षण अजून पूर्ण व्हायचे होते.

या कथेत तारुण्याचा खोडकरपणा आहे म्हणून ती लोकांना आवडते. पण तिच्यात पुढच्या साठ वर्षांचे बी आहे. पुढे त्यांना घटना रचण्याची गरज उरली नाही, कारण मैदानावर अनोळखी माणूस कोणी राहणार नाही याची काळजी त्यांनी घेतली.

प्रशिक्षण संपल्यावर ते डब्लिनमध्येच शिक्षक झाले. प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन्ही स्तरांवर त्यांनी शिकवले. बहुतेक शाळा ख्रिश्चन ब्रदर्सच्या होत्या. विषय आयरिश, अर्थशास्त्र आणि हिशेबशास्त्र. १९८० च्या दशकापर्यंत हे चालले. आयरिश राष्ट्रीय शाळेचा मास्तर आणि गेलिक खेळ यांचे नाते जुने आहे. गावोगावच्या क्लबांचे चिटणीस, पोरांना संध्याकाळी मैदानावर नेणारे, संघाची यादी लिहिणारे हात बहुधा शिक्षकांचे असत. ओ मुरहर्तिग या परंपरेतले होते. तीसचाळीस मुलांच्या वर्गात बोलण्याची सवय ज्याला असते, त्याला मागच्या बाकावरच्या मुलाचे लक्ष कधी सुटले हे न पाहताही कळते. रेडिओचा श्रोता कायमच मागच्या बाकावर असतो. तो स्वयंपाकघरात असतो, गाडी चालवत असतो, गोठ्यात असतो. त्याला हाक मारून परत आणण्याची कला त्यांनी वर्गात कमावली असावी.

नभोवाणीवरचे त्यांचे काम बराच काळ दुय्यम स्थानावरचे होते. आयर्लंडचे नभोवाणी केंद्र १ जानेवारी १९२६ रोजी 'टू आर एन' या नावाने सुरू झाले. उद्घाटनाचे भाषण डग्लस हाइड यांनी केले, जे पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला किलकेनी विरुद्ध गॉलवे या हर्लिंगच्या उपांत्य सामन्याचे थेट वर्णन पॅडी मेहिगन यांनी केले. मैदानी खेळाचे असे थेट प्रक्षेपण युरोपात त्याआधी झाले नव्हते, असे मानले जाते. म्हणजे ओ मुरहर्तिग ज्या परंपरेत आले ती आधीच समृद्ध होती, आणि तिच्या शिखरावर ओ'हेअर बसलेले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी मुख्य सामन्याआधी अठरा वर्षांखालील मुलांचा सामना होत असे. त्याचे आयरिश समालोचन ओ मुरहर्तिग करत. मोठ्या सामन्याला ओ'हेअर. ३१ डिसेंबर १९६१ रोजी आयरिश दूरचित्रवाणी सुरू झाली, पुढच्या वर्षीपासून अंतिम सामने पडद्यावर दिसू लागले आणि ओ'हेअर यांचे काम दोन माध्यमांत वाढले. ओ मुरहर्तिग यांना त्यातून अधूनमधून मोठे सामने मिळत गेले. पस्तीसएक वर्षे दुसऱ्या स्थानावर राहूनही त्यांच्या बोलण्यात कधी कडवटपणा आला नाही. याचे एक कारण उघड आहे. त्यांचे पोट रेडिओवर अवलंबून नव्हते, आणि सोमवारी सकाळी त्यांची वाट पाहणारा वर्ग होता.

या मधल्या वर्षांतले एक काम फारसे चर्चेत येत नाही. १९७५ ते १९८९ या काळात मिक ओ'ड्वायर यांच्या मार्गदर्शनाखाली केरीने आठ वेळा अखिल आयर्लंड फुटबॉल स्पर्धा जिंकली. त्या संघातले काही खेळाडू नोकरी-शिक्षणासाठी डब्लिनला राहत. आठवड्यातून अनेकदा देशाच्या दुसऱ्या टोकाला सरावाला जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांचा डब्लिनमधला सराव ओ मुरहर्तिग घेत. शाळा सुटल्यावर, हिवाळ्याच्या अंधारात, मोजक्या मुलांना पळवणारा हा मास्तर रविवारी त्यांच्याच सामन्याचे वर्णन करायला बसू शकत होता. आजच्या काळात यावर वाद झाला असता. त्या वेळी झाला नाही, कारण केरीविरुद्ध खेळणाऱ्या काउंटीतले लोकही त्यांच्या तोंडून आपल्या मुलांचे तितक्याच मायेने झालेले वर्णन ऐकत होते. ते केरीचे आहेत हे सगळ्यांना माहीत होते आणि ते लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. निःपक्षपातीपणा म्हणजे सगळ्यांविषयी सारखेच थंड असणे नव्हे. सगळ्यांविषयी सारखेच उत्सुक असणे हाही त्याचा एक प्रकार आहे, आणि रेडिओला तोच मानवतो.

ऑगस्ट १९८५ मध्ये, हंगामाचे अंतिम सामने तोंडावर असताना, ओ'हेअर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची कारकीर्द थांबली. रेडिओवरचे मुख्य समालोचन ओ मुरहर्तिग यांच्याकडे आले. ते पंचावन्न वर्षांचे झाले होते. याच दशकात शिक्षकी सोडून ते आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेत पूर्णवेळ निवेदक झाले. बहुतेक माणसे निवृत्तीची वर्षे मोजू लागतात त्या वयात त्यांची खरी प्रसिद्धी सुरू झाली, आणि ती पंचवीस वर्षे टिकली.

त्यांच्या समालोचनाची घडण तपासून पाहण्यासारखी आहे. अंतिम सामन्याआधीच्या दिवसांत ते दोन्ही संघांच्या सरावाला जात, खेळाडूंशी, त्यांच्या घरच्यांशी, जुन्या खेळाडूंशी बोलत. आकडेवारीचा त्यांना सोस नव्हता. कोणाचा आजोबा कोणत्या वर्षी कोणाविरुद्ध खेळला, कोणाची बहीण कॅमोगी, म्हणजे स्त्रियांचे हर्लिंग, खेळते, कोण परवाच परदेशातून परतला, कोणाच्या घरी मेंढ्या आहेत, असा तो साठा असे. सामना सुरू झाला की बोलण्याचा वेग चेंडूच्या वेगाला बांधलेला. चेंडू हवेत असताना त्याखाली धावणाऱ्या दोघांची नावे, तो पडायच्या आत त्यांच्या गावांची नावे. चेंडू बाहेर गेला, कोणी जखमी झाले, फ्री पक, म्हणजे नियमभंगानंतरचा मोकळा फटका, मिळाला की त्या विरामात एक छोटी गोष्ट, आणि खेळ पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी ती बरोबर संपलेली. गोष्ट अर्धी राहिली असे क्वचित घडे. हे वरवर सहज वाटते. प्रत्यक्षात हर्लिंगमध्ये विराम काही सेकंदांचा असतो, आणि त्यात काय मावेल याचा अंदाज आवाजाच्या हाती असावा लागतो.

त्यांचे सर्वाधिक सांगितले जाणारे वाक्य कॉर्कच्या शॉन ओग ओ हॅलपिन याच्याविषयी आहे. या खेळाडूचे वडील फर्मॅना काउंटीचे आणि आई फिजीची. यातला कोणताही प्रदेश हर्लिंगचा बालेकिल्ला नाही, अशा अर्थाचे ते वाक्य. लोक त्यावर हसतात, आणि हसावेच. पण त्यात माहिती किती आहे तेही पाहावे. ओ हॅलपिनचा जन्म फिजीच्या रोतुमा बेटावरचा, बालपण सिडनीचे, आणि शाळकरी वयात तो कॉर्कला आला. २००५ मध्ये कॉर्कचा कर्णधार म्हणून अखिल आयर्लंड हर्लिंगचा करंडक स्वीकारताना त्याने भाषण आयरिशमध्ये केले. बदलत्या आयर्लंडची ही गोष्ट ओ मुरहर्तिग यांनी एका श्वासात सांगितली, आणि ती सांगताना त्या मुलाला परका ठरवले नाही. आईवडिलांची गावे सांगण्याचा जो मान ते प्रत्येक खेळाडूला देत, तोच त्यालाही दिला.

अनेक घरांत अंतिम सामन्याच्या दिवशी दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून रेडिओ लावला जाई. चित्र पडद्यावरचे, शब्द ओ मुरहर्तिग यांचे. पुढे डिजिटल प्रक्षेपण आले, चित्र रेडिओपेक्षा काही क्षण उशिरा पोहोचू लागले आणि गोल दिसण्याआधीच ऐकू येऊ लागला; तरी कित्येकांनी सवय सोडली नाही. देशाबाहेरचे श्रोते हा तर वेगळाच समुदाय होता. एकट्या १९५० च्या दशकात सुमारे चार लाख लोकांनी आयर्लंड सोडले, मुख्यतः ब्रिटनकडे. आफ्रिकेत आयरिश जोगिणी आणि धर्मोपदेशक होते, लेबनॉनमध्ये १९७८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आयरिश सैनिक होते. अंतिम सामने लघुलहरींवरून त्यांच्यापर्यंत पोहोचत. ओ मुरहर्तिग या दूरच्या माणसांना समालोचनात आठवणीने सामील करून घेत. बांधकामावरची खोली असो की मिशनचा दवाखाना, तिथे बसलेल्याला आपल्या गावाचे नाव रेडिओवरून ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्यांच्या वाट्याला आलेली वर्षेही भाग्याची होती. १९९४ च्या हर्लिंग अंतिम सामन्यात लिमरिक पाच गुणांनी पुढे असताना ऑफलीने शेवटच्या पाचएक मिनिटांत दोन गोल आणि पाच गुण करून सामना फिरवला. १९९५ मध्ये क्लेअरने १९१४ नंतर पहिल्यांदाच करंडक नेला; एक्याऐंशी वर्षांची वाट संपली. फुटबॉलमध्ये डोनेगलने १९९२ मध्ये, डेरीने १९९३ मध्ये आणि आर्माने २००२ मध्ये आपापले पहिले विजेतेपद मिळवले. यातल्या डेरी आणि आर्मा या काउंट्या उत्तर आयर्लंडात, म्हणजे राजकीय सीमेपलीकडे आहेत. गेलिक संघटनेने ती सीमा कधीच मानली नाही. तिच्या लेखी बत्तीस काउंट्यांचे एकच मैदान आहे. उत्तरेत हिंसाचाराची वर्षे चालू असताना तिथल्या क्लबांना आणि खेळाडूंना फार सोसावे लागले. अशा काळात डब्लिनहून येणारा आवाज आर्माच्या एखाद्या पॅरिशचे नाव केरीच्या पॅरिशइतक्याच आपलेपणाने घेतो, याचे मोल तिथल्या श्रोत्यांना ठाऊक होते. राजकारणावर भाष्य करण्याची त्यांना गरज पडली नाही.

भाषेच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबावे लागते. स्वतंत्र आयर्लंडने आयरिशला राष्ट्रभाषेचा दर्जा दिला आणि तिचे पुनरुज्जीवन प्रामुख्याने शाळेवर सोपवले. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी आयरिशमध्ये उत्तीर्ण होणे १९७३ पर्यंत सक्तीचे होते. परिणाम दुहेरी झाला. लाखो मुले भाषा शिकली आणि त्यातल्या पुष्कळांच्या मनात तिच्याविषयी परीक्षेची धास्ती राहिली. ओ मुरहर्तिग स्वतः या व्यवस्थेचे अपत्य होते आणि तीनएक दशके तिच्यातच आयरिश शिकवत होते. पण सामन्याच्या वेळी ती भाषा त्यांच्या तोंडून अगदी वेगळ्या वाटेने येई. इंग्रजी वर्णन चालू असता मध्येच एक-दोन वाक्ये आयरिशमध्ये, त्यांचे भाषांतर नाही, समजावणे नाही, आणि पुन्हा इंग्रजी. संदर्भ इतका स्पष्ट असे की शाळेत नापास झालेल्यालाही अर्थ लागे. घाईच्या क्षणी, आनंदाच्या भरात, चुकांची भीती न बाळगता वापरायची भाषा म्हणून आयरिश ऐकणे हा अनेकांसाठी नवा अनुभव होता. १९७२ मध्ये रॅडिओ ना गेल्टॅक्टा हे आयरिश भाषिक भागांचे केंद्र आणि १९९६ मध्ये आयरिश दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. त्याआधीची कित्येक वर्षे इंग्रजीभाषक घरांत आयरिश सहजपणे पोहोचवणाऱ्या मोजक्या आवाजांत त्यांचा आवाज होता.

याचा अर्थ त्यांनी भाषा वाचवली असा होत नाही. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. शिक्षणसंस्थेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजार निघाले. एवढी मोठी दरी कोणत्याही समालोचकाला बुजवता येणार नाही. त्यांच्या लोकप्रिय समालोचनाचा मोठा भाग इंग्रजीतच होता, हेही विसरता येत नाही. पण त्यांचे इंग्रजी डिंगल परिसराचे होते. वाक्याची उलटसुलट रचना, माणसाची ओळख गावावरून देण्याची सवय, अतिशयोक्ती करतानाही न बदलणारा गंभीर सूर, हे सारे आयरिश बोलीतून आलेले होते, आणि ते त्यांनी शहरी वळणाचे करून घेतले नाही.

निवृत्तीची घोषणा त्यांनी १६ सप्टेंबर २०१० रोजी केली. तीन दिवसांनी कॉर्क आणि डाउन यांच्यात फुटबॉलचा अंतिम सामना झाला. कॉर्कने तो एका गुणाने जिंकला आणि ओ मुरहर्तिग यांचे ते शेवटचे अखिल आयर्लंड समालोचन ठरले. ३० ऑक्टोबरला क्रोक पार्कवर आयर्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया असा, दोन्ही देशांच्या फुटबॉलचे नियम मिसळून खेळला जाणारा सामना होता. त्याचे समालोचन केल्यानंतर ते आरटीईच्या रेडिओवर समालोचनासाठी बसले नाहीत. डून शीन ते क्रोक पार्क हा प्रवास सांगणारे आत्मचरित्र त्यांनी २००४ मध्येच प्रसिद्ध केले होते, आणि दोन वर्षांनी आठवणींचे दुसरे पुस्तक आले. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी त्यांचे नाव जाहीरपणे चर्चेत आले. त्यांनी उभे न राहण्याचा निर्णय घेतला. राजकीय पक्षांना हे नाव सुचावे यात नवल नव्हते. उत्तर-दक्षिण, शहर-खेडे, आयरिश-इंग्रजी या तिन्ही भेदांच्या दोन्ही बाजूंना सारखाच परिचित असा माणूस त्या देशात दुसरा शोधणे कठीण होते. पुढेही ते भाषणांसाठी, क्लबांच्या कार्यक्रमांसाठी देशभर फिरत राहिले, डोंगर चढत राहिले. ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचे त्यांचे जुने वेड होते, तेही टिकून होते.

२५ जून २०२४ रोजी डब्लिनमध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि आठ मुलांचा परिवार होता. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांच्यापासून गावोगावच्या क्लबांपर्यंत सर्वांनी त्यांना आदरांजली वाहिली, आणि त्या दिवसांत वृत्तपत्रांनी त्यांची गाजलेली वाक्ये पुन्हा छापली. त्यांच्या कलेची खरी ओळख करून घ्यायची असेल तर सुटी वाक्ये पुरत नाहीत. एखादा सामना पहिल्या शिट्टीपासून अखेरपर्यंत ऐकावा लागतो. तेव्हा लक्षात येते की सत्तर मिनिटांत तीसही खेळाडूंची ओळख झालेली आहे, राखीव बाकावरच्या मुलांचीही, आणि हरलेल्या संघातला कोणीही नावाशिवाय मैदान सोडून गेलेला नाही.